पागमा: नाव की आडनाव?

"बाई, आमची संगणकाची खोली तुम्ही खरंच नाचाच्या बुटांना देणार आहात का?"

हा प्रश्न मी विचारला. सोमवारच्या सभेत, अख्ख्या शाळेसमोर. मुख्याध्यापिका दोल्गोर बाई "कुणाला काही शंका?" असं म्हणून माइक खाली ठेवत होत्या. हे वाक्य शंका विचारण्यासाठी नसतं, सभा संपली हे सांगण्यासाठी असतं, एवढं मलाही कळतं. पण माझी मैत्रीण मारल आणि आमच्या क्लबातला तेलमेन या दोघांनी पैज लावली होती. मी विचारलं तर खोलीतली टेबलं पुसायची माझी पाळी वर्षभर तेलमेन करणार. नाही विचारलं तर मी त्याला सगळ्यांदेखत 'तेलमेनदादा' म्हणायचं. तेलमेन माझ्याहून लहान आहे. तेव्हा तो प्रश्न मी विचारला असं म्हणण्यापेक्षा माझ्या स्वाभिमानाने विचारला असं म्हणणं जास्त खरं होईल.

दोल्गोर बाईंनी माइक पुन्हा उचलला. "नाव काय तुझं?"

"पागमा."

सहावीच्या रांगेतून फिस्स असा आवाज आला. याची मला सवय आहे. माझ्या वर्गात नोमिन आहेत, मिशेल आहेत, फुलांची आणि ताऱ्यांची नावं असलेल्या मुली आहेत. पागमा मी एकटीच. माझ्या बाबांच्या आजीचं नाव पागमा होतं, तिच्या आजीचंही पागमाच होतं म्हणतात. उलानबातरमध्ये आज तुम्ही भर रस्त्यात 'पागमा' अशी हाक मारलीत तर तीन म्हाताऱ्या काठ्या टेकत वळून बघतील, आणि चौथी मी.

"तर पागमा," बाई म्हणाल्या, "त्या खोलीने आजवर काय केलं ते सांग. खेळ सोडून."

खेळ सोडले तर आम्ही एकच गोष्ट केली होती. दुपारच्या जेवणाला काय असेल ते आधीच सांगणारी प्रणाली. ती रोज 'शेवयांचं सूप' असं सांगायची आणि बहुतेक दिवशी बरोबर ठरायची. पण हे मोठेपण माइकवर सांगण्यासारखं वाटेना.

"नाचाच्या पथकाने गेल्या वर्षी सुवर्णपदक आणलं," बाई पुढे म्हणाल्या, "आणि त्यांचे नमद्याचे बूट जिन्याखाली कुजतायत. शेवटच्या घंटेच्या दिवसापर्यंत तुमच्या खोलीने शाळेच्या एका तरी कामाला उपयोगी पडून दाखवावं. नाहीतर बूट आत, संगणक जिन्याखाली."

"दाखवू," मी म्हटलं. आमच्या क्लबाचे तुगुल्दुर सर भिंतीशी उभे राहून सुकं दही चघळत होते. ते त्यांच्या घशात अडकलं.

आता उपयोगी पडायचं म्हणजे आधी कुणीतरी अडचणीत हवं. ते आम्हाला कार्यालयात सापडलं. शेवटच्या घंटेच्या दिवशी, म्हणजे शाळेचं वर्ष संपतं त्या दिवशी, आमच्याकडे मोठा बक्षीस समारंभ असतो, आणि प्रशस्तिपत्रांवर घालायची नावं संपूर्ण घोटाळ्यात होती. आमची पद्धत अशी, की आधी वडिलांचं नाव आणि मग आपलं. गानबिलेगीन पागमा, म्हणजे गानबिलेगची पागमा. कागदावर 'आडनाव' असा रकाना आला की आम्ही वडिलांचं नाव लिहितो आणि पुढे जातो. पण शाळेने यंदा नोंदणीसाठी परदेशातून आणलेली प्रणाली बसवली होती, आणि तिच्यात रकाने होते 'पहिलं नाव' आणि 'शेवटचं नाव'. आमच्याकडे पहिलं लिहितात ते वडिलांचं. म्हणून निम्म्या पालकांनी इमानेइतबारे पहिल्या रकान्यात वडिलांचं नाव घातलं. उरलेले निम्मे जगाची रीत जाणणारे निघाले, त्यांनी मुलाचं घातलं. 'ची' आणि 'चा' तर रकान्यातून केव्हाच गळून पडले होते. आता सातशे मुलांच्या यादीत कोण बाप आणि कोण लेक ते कुणालाच सांगता येईना. दोन कारकूनबाईंपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर होती, आणि दुसरी त्या रजेचा हेवा करत होती.

"याला मॉडेल पाहिजे," मी म्हटलं.

"तत्त्वतः शक्य आहे," तुगुल्दुर सर म्हणाले. सर प्रत्येक गोष्टीला तत्त्वतः शक्य आहे म्हणतात, त्यांच्या लग्नालासुद्धा.

मॉडेल म्हणजे काही अवघड नाही. संगणकाला पुष्कळ नावं दाखवायची, हे बघ माणसाचं स्वतःचं, हे बघ त्याच्या वडिलांचं, हे स्वतःचं, हे वडिलांचं. असं हजार वेळा सांगितलं की तो स्वतःच अंदाज करायला शिकतो. एखाद्या लहान मुलाला शिकवावं तसंच, फक्त हे मूल मध्येच शूला जात नाही. प्रश्न एवढाच की हजार माणसांची खात्रीची नावं आणायची कुठून.

मी आमच्या वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नावं ही नागरिकांची खाजगी बाब आहे. अशी कुणालाही देता येत नाहीत. शाळेचं पत्र आण, गोल शिक्का मारलेलं."

शाळेत कारकूनबाई म्हणाल्या, "शिक्का दोल्गोर बाईंच्या कपाटात." दोल्गोर बाई म्हणाल्या, "वॉर्डाने नावं द्यायचं कबूल केलंय असं त्यांचं पत्र दाखव, मग शिक्का मारते." मी परत वॉर्डात. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "शिक्क्याशिवाय आम्ही पत्र कसं देणार?" आणि मग त्यांनी मान बाहेर काढून बाकांकडे बघून खणखणीत आवाजात हाक मारली, "सोदनोमीन बातसूरी! दामदिनीन एन्खतुया! गोंबीन गानझोरिग, कुठं गेलात, तुमचा नंबर आलाय."

मी जागच्या जागी उभी राहिले. मग जाऊन बाकावर बसले आणि लिहायला लागले.

त्या आठवड्यातल्या सगळ्या दुपारी मी त्या बाकावर घालवल्या. नागरिकांची खाजगी बाब खिडकीतून ओरडली जात होती आणि मी ती टिपून घेत होते, वडिलांचं इकडे, स्वतःचं तिकडे. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला आरूलचा, म्हणजे सुक्या दह्याचा, खडा दिला आणि विचारलं, "पेन्शनचं काम का गं, पोरी? एवढ्या लवकर?"

दरम्यान आमच्या इमारतीत बातमी पसरली होती. आमच्या इमारतीत बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर जाते, कारण लिफ्ट बहुधा बंद असते. इमारतीच्या अध्यक्षा ब्यांबा मावशी बेल न वाजवता आत आल्या, मीठ घातलेल्या दुधाच्या चहाचा वाडगा स्वतःच भरून घेतला आणि म्हणाल्या, "संगणकाला नावं नको शिकवू. वार शिकव. मी शनिवारची, म्हणून ब्यांबा. वार असला की माणूस, बाकी सगळं आडनाव."

"मावशी, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"न्याम."

"म्हणजे रविवार."

मावशींनी थोडा वेळ चहा प्यायला. "मग वार नको शिकवू," त्या म्हणाल्या.

नवव्या मजल्यावरचे चोइदोग काका रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांना हा सगळाच प्रकार धोक्याचा वाटला. त्यांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून त्यांच्या थोरल्या भावाचं नाव एनेबिश ठेवलं होतं. एनेबिश म्हणजे 'हा नव्हे'. वाईट नजर घरात आलीच तर पाळण्यापाशी फसून परत जावी म्हणून. "सत्तर वर्षं झाली, भाऊ ठणठणीत आहे," काका म्हणाले, "आणि तू आता यंत्राला सांगणार की हाच तो. वर जबाबदारी कोण घेणार?"

मी त्यांना वचन दिलं की एनेबिश काकांची ओळख यंत्राला अगदी पुसट करून देईन. त्यांचा राग गेला, आणि त्यांनी रेल्वेतल्या सगळ्या सहकाऱ्यांची नावं वडिलांसकट तोंडपाठ म्हणून दाखवली, स्टेशनांच्या क्रमाने.

सगळ्यात जास्त नावं मात्र आईने आणली. माझी आई सोयोलमा दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंड उघडं असलेला माणूस नाव सांगू शकत नाही, म्हणून ती नेमकी गुळणी करायच्या वेळी विचारायची. संध्याकाळी घरी आली की कोट काढायच्या आधी मला नावं सांगायची, आणि मी टंकत असताना माझ्या तोंडात मांस भरून वाफवलेल्या बूझचे घास भरायची. बाबा ट्रॉलीबस चालवतात. त्यांनीही हातभार लावला, म्हणजे मागून येऊन, "वा, बरंच झालं की," असं रोज म्हणाले.

एका संध्याकाळी आई पडद्यावरची नावं वाचत उभी राहिली. "हे सगळे म्हातारे आहेत गं," ती म्हणाली. "दवाखान्यात कवळीवाले, वॉर्डात पेन्शनवाले, वर चोइदोग काकांची रेल्वे. यात पोरं कुठं आहेत?"

"आई, नाव म्हणजे नाव. त्याला वय नसतं."

"बरं," आई म्हणाली आणि कणीक मळायला गेली. आई 'बरं' म्हणाली की विषय संपला असं समजणाऱ्या माणसांची आमच्या घरात परंपरा आहे.

मॉडेल तयार झालं. आम्ही ते आधी शाळेतल्या शिक्षकांच्या नावांवर चालवलं, कारण त्यांची खरी उत्तरं आम्हाला माहीत होती. सगळी बरोबर आली. म्हणजे एक सोडून. मॉडेलचं ठाम मत पडलं की 'दोल्गोर' हे आमच्या मुख्याध्यापिकांच्या वडिलांचं नाव असलं पाहिजे. मारलने माझ्याकडे बघितलं.

"हे का चुकलं?"

"एखादं चुकतंच," मी म्हटलं आणि ते हाताने दुरुस्त केलं. मोठ्या लोकांच्या बाबतीत विज्ञानाने थोडं लवचिक असावं.

"आणि मला सांग," मारल म्हणाली, "माझं काय करेल ते?" मारलच्या नावापुढे वडिलांचं नाही, आईचं नाव लागतं, ओयुंचिमेगीन मारल. त्यांचं घर पहिल्यापासून दोघींचंच. ओयुंचिमेग मावशी बांधकामावर क्रेन चालवतात. नवीन कार्यालयात गेलं की कुणीतरी कारकून मान वर करून विचारतोच, "आणि वडिलांचं?" आणि मारल प्रत्येक वेळी म्हणते, "क्रेनवर आहेत." हे उत्तर कुणालाच कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येत नाही.

"व्यवस्थित करेल," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेव."

शिक्षकांची यादी बघून दोल्गोर बाई प्रसन्न झाल्या. सातशे मुलांची यादी मॉडेलने एका दमात चालवली, वाडगाभर चहा निवायच्या आत. त्या दिवशी शहरात धुळीचं वादळ होतं, छापखाना दुपारीच बंद होणार होता. तुगुल्दुर सरांनी विचारलं, "एकदा नजर टाकायची का?" मी म्हटलं, "सर, आपण नजर टाकायची तर मॉडेल कशाला केलं?" या वाक्याला तेव्हा टाळी पडली होती. स्वतःचं नाव तपासून बघायचं तर मला सुचलंही नाही. आपलं नाव आपल्याला माहीतच असतं.

शेवटच्या घंटेचा दिवस उजाडला. सभागृह भरलं. आमच्याकडे या दिवशी आईवडील देल, म्हणजे सणाचा लांब अंगरखा, घालून येतात, म्हातारे पदकं लावून येतात. मंचावर एका मुलीच्या हातात खादाग, म्हणजे मानाचं निळं रेशमी वस्त्र, आणि त्यावर दुधाचा चांदीचा वाडगा, बक्षीस घेणाऱ्याने त्यातला घोट घ्यायचा. आम्ही बक्षीसवाली मुलं पडद्याआड रांगेत. तुगुल्दुर सर नावं वाचणार. पद्धत अशी, की पुकारताना वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर घ्यायचं आणि माणसाचं स्वतःचं नाव पूर्ण. आमच्या सभागृहाच्या कर्ण्यातून पहिलं अक्षर आजवर कुणालाही ऐकू आलेलं नाही.

"गणितातील प्रावीण्याबद्दल," सर म्हणाले, "द. बातसूख!"

पडद्याआड कुणीच हललं नाही. आमच्यात बातसूख नव्हताच. तिसरीतला दामदिन पुटपुटला, "बातसूख माझे बाबा आहेत."

आणि प्रेक्षकांतून दामदिनचे बाबा उठले.

आता यात त्यांची काही चूक नाही. दरवर्षी याच समारंभात शाळेला मदत करणाऱ्या दोनचार पालकांचाही सत्कार होतो. बातसूख काकांनी गेल्या हिवाळ्यात शाळेचं फाटक जोडून दिलं होतं. आपलं नाव ऐकल्यावर त्यांना वाटलं, आठवण ठेवली बुवा. टोपी सारखी करत, बाह्या खाली ओढत ते मंचावर आले, दोन्ही हातांनी प्रशस्तिपत्र घेतलं, दुधाचा मोठा घोट घेतला. गणिताबद्दल का, असं त्यांनी विचारलं नाही. सत्कारात कारण विचारणं बरं दिसत नाही.

"त. एन्खजार्गल!"

तेलमेनचे बाबा उठले. तेलमेन माझ्या पुढेच उभा होता. त्याने हळूहळू मागे मान वळवली.

"पागमा," तो म्हणाला, "तुझं मॉडेल माझ्या बापाला बक्षीस देतंय."

मग एकामागून एक वडील उठायला लागले. पाचवीतल्या मुलीचे वडील निबंधाबद्दल, आठवीतल्या मुलीचे वडील मुलींच्या गटात उंच उडीबद्दल. काहींची नावं बरोबरही आली, ती पोरं वडिलांच्या रांगेत त्यांच्या कमरेएवढी उभी राहिली. दोल्गोर बाई पहिल्या तिघांपर्यंत हसत होत्या, त्यांना वाटलं यंदा पालकांचा सत्कार जरा भरघोस ठेवलाय. चौथ्याला त्यांचं हसू थांबलं. पण थांबवणार कसं? वडीलधारी माणसं, सणाचे कपडे, तोंडाला दुधाचा वाडगा लावलेला. हातातला वाडगा काढून घ्यायला कुणाचा हात पुढे होईल? मंचावर वाडगा दुसऱ्यांदा भरावा लागला.

आणि मला तिथे पडद्याआड उभ्याउभ्या सगळं लख्ख समजलं. माझं मॉडेल मूर्ख नव्हतं. मी त्याला जे शिकवलं तेच ते अचूक शिकलं होतं. वॉर्डातले, रेल्वेतले, कवळीवाले, या सगळ्यांची स्वतःची नावं बातसूख, गानझोरिग, एन्खतुया, आणि त्यांच्या वडिलांची दामदिन, गोंबो, दोल्गोरच्या जमान्यातली. पण ते सगळे बातसूख आता स्वतःच बाप झालेत, आणि त्यांच्यातल्या काहींनी पोरांना परत आजोबा-पणजोबांची नावं ठेवलीयत. आजचं आपलं नाव ते उद्याचं वडिलांचं नाव. तेलमेनसारखी जी नवीन नावं मॉडेलने आयुष्यात पाहिली नव्हती, त्यांच्या बाबतीत त्याने शेजारच्या रकान्यातला ओळखीचा एन्खजार्गल धरला. मॉडेल नाव आणि आडनाव ओळखतच नव्हतं. ते जुनं आणि मधलं ओळखत होतं. एक अख्खी पिढी मागे उभं राहून ते अगदी बरोबर उत्तरं देत होतं.

यात पोरं कुठं आहेत, असं आई म्हणाली होती.

"म. ओयुंचिमेग!" सर म्हणाले. त्यांचा आवाज आता चिरकत होता. "चित्रकलेबद्दल."

मारलने माझा दंड धरला. मागच्या दारापाशी कामाच्या नारिंगी जाकिटात ओयुंचिमेग मावशी उभ्या होत्या, पाळीवरून थेट आलेल्या. त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. इतक्या वेळात एकाही बाईचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. मग त्या निघाल्या. हेल्मेट काखेत, बुटांना सिमेंट, मधल्या वाटेने सरळ. मंचावर त्यांनी प्रशस्तिपत्र घेतलं, दूध घेतलं आणि हसल्या. टाळ्या अशा वाजल्या की कर्णा शिट्टी मारायला लागला. बाया उभ्या राहून वाजवत होत्या. तिसऱ्या रांगेत माझी आईही उभी होती, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं होतं, पण तेवढ्यात पुढचं नाव आलं.

"संगणक-मॉडेल तयार करून शाळेला केलेल्या मोलाच्या साहाय्याबद्दल विशेष प्रशस्ती," सरांनी डोळे मिटले, "प. गानबिलेग."

माझे बाबा उठले.

बाबांनी आयुष्यात ट्रॉलीबसच्या बाहेर कुठे माइक हातात घेतला नव्हता. त्यांनी प्रशस्तिपत्र वाचलं, परत वाचलं, आणि मग माइकपाशी वाकून म्हणाले, "मॉडेल मी केलेलं नाही. मी सहा नंबरची ट्रॉलीबस चालवतो. पण ज्याने कुणी केलं असेल त्याने ते चांगलंच केलं असणार. नाहीतर मला इथं कोण बोलावतं?"

आणि मागे सरका, दरवाजे बंद होतायत, असं म्हणायच्या सवयीने दोन क्षण थांबून ते खाली उतरले.

दोल्गोर बाईंच्या खोलीत मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच समजावून सांगितलं, की चूक मॉडेलची नाही, शिकवणीची आहे, आणि एकच पिढी सरकवली की सगळं जागेवर येईल.

"एकच पिढी," बाई म्हणाल्या.

"हो बाई. त्या मानाने थोडक्यात चुकलं."

"सोमवारी बूट आत," बाई म्हणाल्या.

शनिवारी-रविवारी मी कुणाशी बोलले नाही. मारल आली, तिला मी म्हटलं, खोली माझ्यामुळे गेली. ती म्हणाली, "हो." मैत्रीण असावी तर अशी. मग आम्ही दोघी खाली अंगणात उतरलो आणि खेळणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवून त्याचं नाव आणि बाबांचं नाव लिहून घेतलं. एक छोटी म्हणाली, "माझं नाव पागमा." मी तिच्याशी हात मिळवला.

सोमवारी सामान हलवायला शाळेने मदतीला पालक बोलावले होते. आले ते बहुतेक शुक्रवारचे सत्कारमूर्ती, आता ते शाळेचे झाले होते. बातसूख काकांनी नाचाच्या बुटांचं पहिलं पोतं उचललं, आमच्या दारापर्यंत आणलं, आत संगणकांकडे पाहिलं आणि पोतं खाली ठेवलं.

"ह्याच खोलीतून आमची नावं निघाली का?"

"हो," मी म्हटलं. "चुकून."

"चुकून का होईना," तेलमेनचे बाबा म्हणाले. "माझ्या शाळेने मला दहा वर्षांत एकदा मंचावर बोलावलं, ते खिडकी फोडली म्हणून. मी या खोलीत बूट नाही भरणार. माझा हात नाही वळत."

"मग बूट कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर?" दोल्गोर बाई दारात येऊन म्हणाल्या.

वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या शहरात कुठलीही वस्तू मावत नसली की तिच्यावर एकच उपाय असतो. बातसूख काकांच्या मेहुण्याकडे रिकामा कंटेनर होता. दुपारपर्यंत तो क्रेनने उचलून शाळेच्या मागे उतरवला गेला. क्रेन कोण चालवत होतं ते सांगायला नको. नाचाच्या बुटांना आता आमच्या खोलीपेक्षा मोठी जागा मिळाली आहे, आणि तिला कुलूपही आहे.

बाईंनी कंटेनरभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे वळल्या. "खोली ठेवा," त्या म्हणाल्या. "पण दारावर जबाबदार माणसाची पाटी पाहिजे. पूर्ण नाव. पुढच्या वेळी काही झालं तर कुणाला बोलवायचं ते मला आधीच कळलेलं बरं."

बातमी घरी माझ्याआधी पोहोचली होती. संध्याकाळी बाबा डेपोतून पितळेची पट्टी कापून घेऊन आले होते, कडा घासून, भोकं पाडून. भिंतीवर त्यांचं प्रशस्तिपत्र आधीच लागलं होतं, टीव्हीच्या वर, घोड्याच्या चित्राच्या जागी. शाळेने दुरुस्त करून देऊ म्हटलं होतं, पण त्यांनी दिलं नाही. बाबांनी टेबलावर पट्टी ठेवली, चष्मा लावला आणि पेन्सिलने अक्षरांची जागा मापायला घेतली.

"'गानबिलेगीन' हे जरा लांबतं," ते म्हणाले. "दोन ओळींत घेऊ. वर 'गानबिलेगीन', खाली 'पागमा'. का एकाच ओळीत बारीक अक्षरांत?"

आई शेगडीपाशी होती. ती म्हणाली, "दोन ओळींत घ्या, दुरून वाचता येईल." आणि बूझ वाफेवर ठेवायला वळली.

"बाबा, पेन्सिल खाली ठेवा," मी म्हटलं. "आई, तूही जरा इकडे बघ. मला एक सांगायचंय, आणि ते विचारत नाहीये, सांगतेय."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. आईने झाकण हातात धरलं, वाफ तिच्या चेहऱ्यावर आली.

"बाबांना यंदा बक्षीस मिळालंय," मी म्हटलं. "ते भिंतीवर आहे, ते तिथेच राहील. दारावर मी एकाच ओळीत लिहिणार आहे, आणि मोठ्या अक्षरांत. सोयोलमागीन पागमा."